शेतकऱ्याच्या डोक्याची तपासणी आता पुरे

वाशिमच्या शेतकऱ्याचे नेमके चुकते कुठे, या प्रश्नाला दर पिढीत नवे उत्तर मिळते. आधी तो आळशी होता, मग अडाणी ठरला, मधल्या काळात व्यसनी आणि लग्नात उधळपट्टी करणारा. आताचे उत्तर जरा शिकलेले आहे: त्याच्या डोक्यात ‘कॉग्निटिव्ह बायस’, म्हणजे विचारांतले चुकीचे कल, आहेत. प्रशिक्षण वर्गांत प्रोजेक्टर लावून हे सांगितले जाते, पुरवण्यांतून लिहिले जाते, आणि मध्येच मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांचे नाव आले की समोरचे लोक गप्प बसतात. शेतकरी म्हणे दहा हजारांच्या भावावर अडकून पडला. शेजाऱ्याने पेरले म्हणून त्याने पेरले. तोटा मान्य करवत नाही म्हणून तो माल धरून बसतो, आणि पैसा दिसला की त्याला थांबवत नाही. म्हणजे बाजार, पाऊस, आयात, खरेदी केंद्र हे सगळे आपापल्या जागी ठीक आहे. दुरुस्ती हवी ती पागोट्याखाली.

काहनेमान यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांनी आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’ मांडली. हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार रुपये गेल्याचे दुःख मोठे असते, आणि माणूस नफा-तोटा मोजताना मनात एक खुंटी ठोकून तिच्यापासून मोजतो, हे त्यांनी दाखवले. हे खरेच आहे. पण ते कोणाच्या डोक्यात सापडले? त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे इस्रायलमधले विद्यार्थी आणि विद्यापीठातले अध्यापक होते. पुढे स्टॉकहोम आणि मिशिगनच्या विद्यापीठांतही तेच आढळले. त्याही आधी, 1971 मध्ये, या दोघांनी चार-दोन उदाहरणांवरून मोठा निष्कर्ष काढण्याच्या सवयीवर लिहिले. तेव्हा त्यांनी तपासलेली माणसे संशोधक होती, संख्याशास्त्र शिकलेली, मानसशास्त्रज्ञांच्या सभांना जमलेली. म्हणजे या शास्त्राचा पहिला आरोपी प्राध्यापक आहे. आमच्याकडे येईपर्यंत प्राध्यापक व्यासपीठावर जाऊन बसला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात वाशिमकडच्या रिसोड-मालेगावचा सोयाबीनवाला आला. हा प्रवास कसा झाला, हे कोणी सांगत नाही.

सोयाबीनचाच हिशेब मांडू, कारण वाशिम जिल्ह्याच्या खरिपातला जवळपास तीन-चतुर्थांश पेरा त्याचा आहे. ऑक्टोबरमध्ये सोंगणी होते, सुडी लागते, थ्रेशर येते. थ्रेशरवाल्याचे भाडे रोख, सोंगणाऱ्या मजुरांची मजुरी रोख, कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची उधारी उभी, दिवाळी तोंडावर आणि हरभऱ्याचे बियाणे आणायचे. एक शेतकरी त्याच आठवड्यात माल बाजार समितीत नेतो आणि मिळेल त्या भावाला हर्रासीत सोडतो. यावर व्याख्याता म्हणतो, हा ‘प्रेझेंट बायस’: उद्याचा मोठा फायदा सोडून आजचा लहान घेतला. दुसरा शेतकरी कट्टे घरात रचून ठेवतो आणि मार्चची वाट पाहतो. यावर तोच व्याख्याता म्हणतो, हे ‘अँकरिंग’ आणि ‘लॉस अव्हर्शन’: जुन्या भावाला चिकटला, तोटा पत्करवला नाही. विकले तरी रोग, न विकले तरी रोग. आता शेतकऱ्याने काय केले असते तर तो निरोगी ठरला असता, हे विचारावे तर उत्तर येते, योग्य वेळी विकायला हवे होते. ती योग्य वेळ कोणती हे वर्गात दरवेळी कळते, पण हंगाम संपल्यावर.

झाल्यावर शहाणे होण्याच्या या सवयीलाही त्याच शास्त्रात नाव आहे. बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्येच तिचा अभ्यास केला: निकाल कळला की माणसाला वाटू लागते, हे तर आधीच दिसत होते. व्याख्यात्याच्या पडद्यावर हा बायस क्वचितच दिसतो. दिसला तरी उदाहरण शेतकऱ्याचे असते.

थांबणाऱ्या शेतकऱ्याने कोणत्या अनुभवावर थांबायचे ठरवले ते पाहा. 2020 च्या दिवाळीत सोयाबीन चार हजारांच्या आसपास होते. 2021 च्या उन्हाळ्यात ते सात हजारांवर गेले आणि जुलैअखेर दहा हजारांना टेकले. नव्या हंगामात, त्या ऑक्टोबरात, पाच हजारांच्या आसपास आले, आणि 2022 च्या वसंतात पुन्हा सात हजारांवर. सलग दोन हंगाम ज्याने धीर धरला त्याला पैसे मिळाले आणि ज्याने घाईने विकले तो हळहळला. मग 2022 चा माल त्याने धरला तर ते कोणत्या अर्थाने वेडेपण? त्या वर्षी भाव साडेपाच हजारांच्या आसपासवरून पाच हजारांच्या खाली आला, पुढच्या वर्षी आणखी, आणि 2024-25 मध्ये चार हजारांशी आला. दोन वर्षांच्या अनुभवावर तिसऱ्या वर्षी पैसे लावणाऱ्या शेअर बाजारातल्या माणसाला आपण गुंतवणूकदार म्हणतो. त्याचेही पैसे बुडतात. त्याच्या मेंदूचे फोटो कोणी काढत नाही.

आणि 2022 नंतर भाव का पडला? शेतकऱ्याच्या डोक्यात काही बिघडले म्हणून नव्हे. ऑगस्ट 2021 मध्ये, भाव शिखरावर असताना, पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. (जीएम सोयाबीनचे बी इथल्या शेतकऱ्याने पेरायला मनाई आहे, त्याची बाहेरून आलेली पेंड मात्र तेव्हा चालली.) ऑक्टोबर 2021 मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावर आले. 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले, एका वर्षासाठी असे म्हणून, आणि मग त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. वायदेबाजाराबद्दल मते वेगळी असू शकतात. पण पुढच्या मार्चमध्ये भाव काय राहील याचा जो एक उघड, रोज बदलणारा अंदाज गावात मोबाइलवर दिसत होता, तो पुसला गेला. दिवा विझवायचा आणि चाचपडणाऱ्याला दृष्टिदोषाचे प्रमाणपत्र द्यायचे, असा हा न्याय.

खरी गंमत पुढे आहे. तेलाच्या शुल्कातली सूट महागाईसाठी होती आणि ती महागाई खरी होती. इंडोनेशियाने एप्रिल 2022 मध्ये पाम तेलाची निर्यात थांबवली तेव्हा जगभर तेल भडकले होते. मात्र त्याच वर्षाच्या मध्यावर जागतिक भाव कोसळले. दिल्लीतली सूट कधी संपली? 14 सप्टेंबर 2024 ला. दोन वर्षांहून अधिक काळ स्वस्त तेल देशात ओतले जात होते, आणि धोरण अजून 2021 च्या भडक्याकडे पाहत होते. जुन्या भावाच्या खुंटीला बांधलेले कोण होते, मंगरुळपीरचा शेतकरी की अर्थखाते? बरे, सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क 20 टक्के झाले, तर मे 2025 अखेर, म्हणजे खरिपाची पेरणी तोंडावर असताना, ते पुन्हा 10 टक्क्यांवर आणले. शेतकऱ्याने असे केले असते तर त्याला चंचल म्हटले असते. सरकार करते तेव्हा त्याला ग्राहकहित म्हणतात.

दृष्टिकोनाचा प्रश्न येतो तो इथे. आयातीचा निर्णय घेणारा अधिकारी दुष्ट नाही. त्याच्या टेबलावर रोज किरकोळ महागाईचा आकडा येतो. अनसिंग किंवा शेलूबाजारच्या सोयाबीनचा भाव येत नाही. तेल दहा रुपयांनी महागले की टीव्हीवर चर्चा होते, सोयाबीन हजार रुपयांनी पडले की जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर चौकट येते. जे डोळ्यांसमोर असते तेच मोठे वाटते, हेही काहनेमान-ट्वर्स्की यांनीच सांगितलेले. मग हा धडा आधी कोणाला शिकवायचा? ज्याच्या चुकीने त्याचे स्वतःचे पाच एकर जातात त्याला, की ज्याच्या चुकीने तीन-चार राज्यांचा हंगाम जातो आणि त्याचा पगार मात्र एक तारखेला जमा होतो त्याला?

यावर विद्वान म्हणतील, हे सगळे राजकारण झाले. शेतकऱ्याची जोखमीची भीती शास्त्राने मोजलेली आहे. ठीक आहे, मोजणीकडेच जाऊ. तीही आपल्याच मुलखातली. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या संस्थेने 1975 पासून काही गावांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यातली कानझरा आणि किनखेडा ही दोन गावे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातली. तेव्हा वाशिम वेगळा नव्हता; तो 1 जुलै 1998 ला अकोल्यातून निघाला. मूर्तिजापूरहून सुटणारी शकुंतला रेल्वे आता वाशिममध्ये असलेल्या कारंज्यावरूनच यवतमाळला जायची. म्हणजे जमीन तीच, पाऊस तोच, माणसेही सोयरीकीतली.

या अभ्यासातल्या गावांत हान्स बिन्सवँगर या अर्थशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांची जोखीम घेण्याची तयारी तपासली. निष्कर्ष 1980 मध्ये छापून आले. 240 कुटुंबे, आणि दोन पद्धती. एका पद्धतीत माणूस घरी जाऊन प्रश्न विचारायचा: समजा असे झाले तर तुम्ही काय कराल? दुसऱ्या पद्धतीत नाणेफेकीचा खेळ होता आणि पैसे खरे होते. सर्वांत मोठी रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. दोन्हींची उत्तरे जुळली का? अजिबात नाही. बिन्सवँगर यांनी स्वच्छ लिहिले की मुलाखतीच्या पद्धतीत विचारणाऱ्याचाच कल उत्तरांत उतरतो. शेतकऱ्याच्या मनाची म्हणून जी मोजणी झाली तिच्यात मोजणाऱ्याचे मन मिसळलेले होते.

आणि खऱ्या पैशांच्या खेळात काय दिसले? रक्कम मोठी झाली की जवळजवळ सगळेच बेताने सावध वागतात. श्रीमंत थोडे कमी सावध, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. पाच एकरवाल्याचे मन आणि पन्नास एकरवाल्याचे मन जोखमीपुढे सारखेच चालते. तरी एकाच्या वावरात विहीर, पाइपलाइन, नवे वाण असते आणि दुसऱ्याच्या नसते. बिन्सवँगर यांनी कारण मनात शोधले नाही. कर्ज कोणाला मिळते, बाजार कोणाला जवळ, माहिती कोणापर्यंत पोचते, या गोष्टींकडे त्यांनी बोट दाखवले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, आपल्या शेजारच्या गावांत, खरे पैसे मोजून हा प्रश्न बराचसा निकाली निघाला होता. आमचे व्याख्याते इस्रायल-अमेरिकेतले प्रयोग सांगतात आणि मूर्तिजापूरचा सांगत नाहीत.

मेंढरासारखे एकामागे एक सगळे सोयाबीनच पेरतात, हा आणखी एक लाडका आरोप. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघते आणि मागे हरभऱ्याला ओल उरते. ज्वारी पेरली तर पाखरे आणि रानडुकरे कणीस ठेवत नाहीत. मूग-उडदाच्या शेंगा ऐन तोडणीत पावसात सापडतात. कपाशीला वेचणीची मजुरी परवडत नाही आणि ती रब्बीचे रान अडवते. सोयाबीनचे गिऱ्हाईक मात्र वाशिमपासून कारंज्यापर्यंत प्रत्येक यार्डात बारा महिने आहे. शेजाऱ्याने पेरले म्हणून पेरणे यातही अक्कल आहे: एकट्याने वेगळे पीक घेतले तर रोही, डुकरे आणि माकडे सगळ्या शिवारातून त्याच तुकड्यावर येतात. हेच ‘मेंढरू’ गेल्या काही रब्बींत चियाकडे वळले. हमीभाव नाही, आजोबांनी कधी नाव ऐकलेले नाही, तरी जनावरे तोंड लावत नाहीत आणि पाणी कमी लागते एवढे दिसल्यावर वाशिम जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी ते पेरले. सवयीला चिकटून राहणाऱ्या मेंदूने असे केले नसते. उद्या चियाचा भाव पडला की त्यालाही एखादा बायस चिकटवला जाईल, हे मी आजच सांगून ठेवतो.

शेतकरी धीर धरत नाहीत, या तक्रारीबद्दल रॉचेस्टर विद्यापीठातला एक छोटा प्रयोग आठवतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 28 लहान मुले. काहींना मोठ्या माणसाने सांगितले, थांब, अजून चांगले रंग आणतो, आणि आणले. काहींना तेच सांगितले आणि रिकाम्या हाताने परत येऊन नाहीत म्हणाला. मग दोन्ही गटांपुढे मिठाई ठेवली: थांबलास तर दोन मिळतील. पहिल्या गटातली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, दुसऱ्यातली तीन. दुसऱ्या गटातल्या मुलांत संयमाचा दोष नव्हता. त्यांनी माणूस ओळखला होता. आता वाशिमच्या शेतकऱ्याला आजवर कोणी काय सांगितले ते आठवा. 2024-25 साठी हमीभाव 4,892 रुपये जाहीर झाला. सोंगणीच्या वेळी बाजार त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदीला ओलाव्याची अट 12 टक्के, आणि परतीच्या पावसात निघालेला माल त्यात बसत नाही. अट 15 टक्क्यांपर्यंत सैल झाली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, तोवर गरजवंतांचा माल विकला गेला होता. मग बारदाना संपला म्हणून खरेदी अडली. पीकविमा 2023 मध्ये एका रुपयात आला आणि 2025 च्या खरिपात ती योजना गेलीही. असा अनुभव असलेला माणूस हातातला चार हजारांचा भाव घेऊन मोकळा होतो तेव्हा तो नेमका कशाबाबत चुकतो?

शेतकरी कधी चुकतच नाही, असे म्हणायचा माझा हट्ट नाही. दहा हजारांचा भाव कित्येकांच्या डोक्यात खरोखर घर करून बसला. 2021 च्या त्या जुलैमध्ये गावात माल जवळपास कोणाकडेच उरला नव्हता. तरी तो भाव आपला होता आणि कोणी तरी हिरावला, असे बोलणारे पारावर आजही भेटतात. शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि पहिल्या सरीवर तिफण धरणारे दुबार पेरणीत सापडतात. यातही ट्रॅक्टरची पाळी, काळ्या रानात पाऊस लागला की आठ-आठ दिवस पाय न ठेवता येणे अशी कारणे असतात, पण निव्वळ उतावळेपणाही असतो. कृषी सेवा केंद्रवाला देईल ती बाटली फवारणे ही तर उधारीतून आलेली लाचारी आणि आळस यांची सरमिसळ आहे. हे सांगायला हवे, आणि गावातली जाणती माणसे ते तोंडावर सांगतातही. फरक एवढा की ती माणसे स्वतःही त्याच पावसाखाली उभी असतात.

शिवाय हे शास्त्र खरे मानले तर त्यातून निघणारा उपायही व्याख्यानाचा नाही. मनाचे कल उपदेशाने जात नाहीत, हे काहनेमान स्वतः आपल्याबद्दलही म्हणत. व्यवस्था अशी करावी लागते की कल असूनही नुकसान कमी व्हावे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तशी आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्या, दिवाळी करा, हरभरा पेरा, आणि विकायचे मग ठरवा. ‘प्रेझेंट बायस’वर याहून चांगले औषध नाही. पण त्यासाठी बाजार समितीपाशी गोदाम लागते आणि पैसाही. प्रोजेक्टरचे भाडे त्याहून स्वस्त पडते.

एका गोष्टीबद्दल मात्र चेष्टा करवत नाही. वाशिम हा शेतकरी आत्महत्यांच्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी 2006 मध्ये पंतप्रधानांनी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपये. अपात्र ठरवताना कारण अनेकदा माणसाच्या आत शोधले जाते: दारू, घरगुती भांडण, स्वभाव. मनाच्या आजारावर उपचार हवेत, गावागावात हवेत, त्याबद्दल वादच नाही. पण कर्ज आणि भाव बाजूला ठेवून फक्त मनाची फाइल उघडण्याची सवय लागली की तीच पुढे प्रशिक्षण वर्गात बायस होऊन येते. फाइलवर शेरा मारणाऱ्याचा स्वतःचा कल कोणता, तो कोणत्या जातीतून, कोणत्या शहरातून, कोणत्या पगारावरून या घराकडे पाहतो, याची नोंद त्या कागदावर कुठेही नसते.

म्हणून पुढच्या खरिपाआधी वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्यात असा वर्ग घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. पडदा लावण्याआधी फळ्यावर गेल्या वर्षी तुम्ही दिलेला सल्ला लिहा, सोयाबीनच्या भावाचा तुमचा अंदाज लिहा, आणि त्याच्या शेजारी बाजार समितीत प्रत्यक्ष मिळालेला भाव. मग शेतकऱ्यांना खुशाल बायस शिकवा. आणि वर्ग संपल्यावर त्यांच्यासोबत एका अर्जावर सही करा: तेल आणि पेंडीच्या आयातीचे धोरण दरवर्षी 31 मेपूर्वी संपूर्ण हंगामासाठी जाहीर व्हावे, आणि मध्येच बदलले तर त्याची भरपाई मिळावी. सही करायला अडचण असेल तर ती कशाची, हेही त्याच फळ्यावर लिहा.